उरलेला घोट

प्याला पुसता पुसता मला आनंद झाला, आणि झाला तो इतका लख्ख होता की मी दचकले. उपासना नुकतीच संपली होती. चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे पाळकांचे झगे टांगलेले असतात, तिथल्या छोट्या सिंकपाशी मी उभी होते, आणि आमची व्हिकर हेलन झगा डोक्यावरून काढता काढता, कापडाच्या आतूनच म्हणाली, "नीना, बुधवारी ट्रेव्हर ऑल्डरिजकडे प्रभुभोजन घेऊन जाशील का? पडल्यापासून तो घराबाहेर गेलेला नाही. नेहमी जाते ती जून स्पेनला गेलीय, मुलीकडे." मग तिचं डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेले. तिनं जरा चाचरत माझ्याकडे पाहिलं. "मी त्याला सांगितलंय, नीना येईल म्हणून. त्यानं नाव पुन्हा विचारलं. मग म्हणाला, चालेल." मी हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की हेलनचे डोळे भरून आले. ती माझा दंड दाबून म्हणाली, "यू आर सो ग्रेशस, नीना." अशा वेळी मी नेहमी घालते तशी मान खाली घातली, आणि त्या खाली घातलेल्या मानेच्या आत कुणीतरी टाळी वाजवून म्हणालं, आता बघते कुठल्या बाजूला पळतोस ते.

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी दोन प्याले फिरतात. लोक वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी गुडघे टेकून बसतात. हेलन प्रत्येकाच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवत जाते आणि तिच्यामागून एक जण डाव्या बाजूला, एक जण उजव्या बाजूला वाइनचा प्याला प्रत्येकाच्या ओठांपाशी नेतो. उजवी बाजू माझी. मिस्टर ऑल्डरिज बसतात उजवीकडेच, खांबाशेजारच्या बाकावर, जिथे त्यांच्या वारलेल्या बायकोच्या, मार्गारेटच्या, नावाची पितळी पट्टी आहे. पण मी प्याला धरायला लागले तेव्हापासून ते प्रभुभोजनाला उठतात, काठी टेकत मधली वाट ओलांडतात आणि डावीकडच्या लोकांत जाऊन गुडघे टेकतात. त्यांचं ऑपरेशन झालेलं ढोपर, तो कण्हण्याचा आवाज, ते सावकाश ओलांडणं, सगळं चर्च बघतं. इंग्रज माणसं अशा वेळी आपल्या बुटांकडे बघतात. पहिले काही रविवार मी स्वतःची समजूत घातली. करोनात प्याला बंद होता, तो पुन्हा सुरू झाल्यावर पुष्कळ जण बिचकत होते, म्हाताऱ्या माणसाला भीती वाटत असेल. मग एकदा उपासनेनंतरच्या कॉफीला मी कपबशांचा ट्रे घेऊन त्यांच्या पाठीमागून जात होते आणि ते कुणाला तरी सांगत होते, "तिच्या हातून नको मला. कुठे कुठे घातलेले असतात ते हात, कुणास ठाऊक." ट्रेमधला एकही चमचा वाजला नाही, ह्याचा मला नंतर कितीतरी दिवस अभिमान वाटत होता.

कुठे कुठे घातलेले असतात ते मी त्यांना नेमकं सांगू शकले असते. मी डेंटल नर्स आहे. आमच्या ब्रॅकनेल गावातल्या अर्ध्या तोंडांत माझी बोटं जाऊन आलेली आहेत. सकाळी साडेआठला सर्जरी, म्हणजे आमचा दवाखाना, उघडते तेव्हापासून मी लोकांच्या गालांच्या आत नळी धरून उभी असते. थुंकी ओढून घेते, रक्त टिपते, कवळ्या धुते. लोक माझ्या तोंडावर शिंकले आहेत, एका बाईंनी घाबरून माझं बोट चावलं आहे. मला ह्या कशाची कधी किळस आली नाही. संध्याकाळी घरी येऊन त्याच हातांनी मी कणीक मळते. तेव्हा ऑल्डरिज जे म्हणाले ते स्वच्छतेबद्दल नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आपल्याला ते कळतं. त्यासाठी वेगळं शिक्षण लागत नाही. तोंडावर मी त्यांना मिस्टर ऑल्डरिज म्हणते, अहो-जाहो म्हणता येईल तितक्या आदराने बोलते. मनातल्या मनात मात्र तेव्हापासून अरे-तुरे सुरू झालं.

पण मी काही बोलले नाही. उलट त्यांना कॉफी नेऊन द्यायला लागले. दोन साखर, दूध कमी. नाताळात त्यांच्यासाठी वेगळा फ्रूटकेक केला. यतीनला, माझ्या नवऱ्याला, हे अजिबात पटायचं नाही. तो चर्चला येतो नाताळ आणि ईस्टरला, बाकी रविवारी त्याचा लॅपटॉप आणि तो. "तू बिशपकडे कम्प्लेंट का करत नाहीस?" तो म्हणायचा. "ऑफिसमध्ये हे कुणी केलं असतं ना, तर एचआरने दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं." मी म्हणायचे, "आपण असं वागायचं नसतं." हे ‘आपण’ मी अगदी पप्पांच्या सुरात म्हणायचे. मग यतीन पुन्हा लॅपटॉप उघडायचा, कारण माझ्या पप्पांपुढे त्याचं काही चालत नाही, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी. आणि मंडळीतल्या बायका येऊन माझा हात हातात घ्यायच्या. तुझ्याकडून शिकण्यासारखं आहे, म्हणायच्या. मी मान खाली घालायचे. नम्रता ही माझी ठेवणीतली साडी होती. दर रविवारी घडी मोडायची, नेसून मिरवायची आणि पुन्हा नीट घडी घालून ठेवायची. एखाद्या रविवारी ऑल्डरिज चर्चला आले नाहीत की मला चुकल्यासारखं व्हायचं, हेही आता सांगून टाकायला हरकत नाही. ते वाट ओलांडणार, सगळे बघणार, मग सगळे माझ्याकडे बघणार. ते आले नाहीत तर माझ्याकडे बघायचं कुणाला काही कारणच उरत नसे.

माझी मुलगी अनुया लहान असताना, सुगीच्या सणाचं जेवण होतं चर्चच्या हॉलमध्ये, शेवटी बक्षिसांच्या तिकिटांची सोडत, रॅफल, होती, तेव्हा ऑल्डरिजनी तिला विचारलं होतं, तुम्ही लोक घरी परत कधी जाणार? अनुयाचा जन्म इथल्याच रेडिंगच्या हॉस्पिटलमधला. ती म्हणाली, "रॅफल झाल्यावर." शेजारचे सगळे हसले, ऑल्डरिजही हसले, आणि मीसुद्धा हसले, कारण हसले नसते तर ते सगळ्यांच्या लक्षात आलं असतं. आता ती चौदा वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिनं मला गाडीत विचारलं, "आई, तो अंकल तुझा लाईनमध्ये का नाही बसत? तू काय केला त्याला?" मी तिला पप्पांची गोष्ट सांगितली. पप्पांची म्हणजे त्यांच्या वडिलांची. आमच्या घरात ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की आजोबांना मी कधी पाहिलेलं नसूनही त्यांच्या तोंडाला पडलेली कोरड मला ठाऊक आहे. नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात चहाच्या हॉटेलाबाहेर खिळ्याला कान तुटलेला एक कप टांगलेला असायचा. तो त्यांच्या वस्तीचा. वरून चहा ओतायचा, ह्यांनी उकिडवं बसून प्यायचा, धुवायचा, परत टांगायचा. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा पहिल्या प्रभुभोजनाला मिशनच्या चर्चमध्ये ते सगळ्यांच्या शेवटी बसले, सवयीने. पाळकसाहेब जन्माने ब्राह्मण होते. त्यांनी प्याला आजोबांच्या हातात दिला. आजोबांनी तो वरून ओतून घ्यायला तोंड वासलं, तर पाळकसाहेब म्हणाले, ओठ लावून प्या. आजोबांनी ओठ लावले. आणि मग पाळकसाहेबांनी तो प्याला परत घेतला, आणि आजोबांच्या मागून, त्यांच्या देखत, उरलेला घोट स्वतः प्यायले. इथे पप्पांचा आवाज नेहमी बदलायचा. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांचा आवाज सहसा बदलत नसे. "आपलं घराणं त्या घोटापासून सुरू होतं," ते म्हणायचे. "त्याआधीचं आपल्याला काही माहीत नाही." अनुयानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग अंकलला पण सांग ना ही गोष्ट." मी म्हटलं, ते सांगायचं नसतं, वागून दाखवायचं असतं. किती छान बोलले होते मी. गाडीच्या आरशात मला माझा चेहरा दिसत होता आणि तोही मला छान वाटला होता.

बुधवारी दुपारी मी सुटी घेतली. पांढरा शर्ट इस्त्री केला. नखं कापली. हात धुतले, मग पुन्हा धुतले, मग नळ बंद करता करता लक्षात आलं की मी कुणासाठी धुतेय, आणि रागाने नॅपकिनला ओढून ओढून पुसले. हेलननं दिलेली काळी छोटी पेटी शेजारच्या सीटवर ठेवली: त्यात एवढासा चांदीचा प्याला, वाइनची कुपी, भाकरीची डबी आणि घडी घातलेला पांढरा रुमाल. तिनं सगळं समजावून सांगितलं होतं. आधी त्यांना द्यायचं, शेवटी आपण घ्यायचं, आणि जे उरेल ते तिथेच आपण पिऊन संपवायचं, थेंबभरही मागे ठेवायचा नाही. ऑल्डरिज राहतात त्या रस्त्यावर दिव्याच्या खांबांना गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी, आम्हा बाहेरून आलेल्यांना कळावं म्हणून, इंग्लंडचे झेंडे बांधलेत. पांढऱ्यावर लाल क्रूस, आता पावसाने गुलाबी झालेला. क्रूस माझाही आहे. तरी त्या झेंड्यांखालून जाताना मी गाडीच्या काचा वर घेतल्या. घराशी किल्लीची छोटी पेटी होती, नंबर दाबला की उघडणारी, त्यांची देखभाल करायला येणाऱ्या केअररसाठी बसवलेली. ह्या माणसाच्या घराचं कुलूप मी स्वतःच्या हाताने उघडतेय, असं माझ्या मनात आलं, आणि मला ते आवडलं.

आत उबट वास होता. हीटर, टाल्कम पावडर आणि टोस्टचा. ऑल्डरिज खिडकीपाशी उंच खुर्चीत बसले होते, पायांवर चौकडीची शाल. त्यांनी टाय लावला होता. पायजम्याच्या शर्टावर स्वेटर आणि स्वेटरच्या आत टाय. शेजारच्या टेबलावर लेस लावलेला पांढरा रुमाल अंथरला होता, त्यावर मेणबत्ती, आणि ती पेटवायला काड्यापेटी काढून ठेवलेली. खुर्चीत बसल्या बसल्या, वाकता येत नसताना, त्यांना हे सगळं करायला बराच वेळ लागला असणार.

"सापडलं घर, मग," ते म्हणाले.

"हो, मिस्टर ऑल्डरिज."

"मार्गारेटचा आहे तो रुमाल. ती असती तर तुला चहा विचारला असता." थांबून म्हणाले, "मला काही उठता येत नाही."

मी मेणबत्ती लावली. प्रार्थना वाचली. माझा आवाज स्वच्छ आणि गोड होता, हे मी वाचता वाचता ऐकत होते. पापांची कबुली म्हणायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघांनी ती बरोबर म्हटली. त्यांनी डोळे मिटून, मी त्यांच्याकडे बघत. भाकरी मी त्यांच्या तळहातावर ठेवली. मग प्याला भरून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि जाणूनबुजून, अगदी जाणूनबुजून, एक क्षण जास्त थांबले. इथे डावी बाजू नव्हती. त्यांना ते कळलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाण्याने भरलेल्या फिक्या निळ्या डोळ्यांत मला जे बघायचं होतं ते दिसलं. मी म्हटलं, "ख्रिस्ताचं रक्त." ते म्हणाले, "आमेन." प्याला स्थिर धरायला त्यांनी हात माझ्या हातांवर ठेवला. थंड होता, कातडी कागदासारखी. ते प्यायले. खालची कवळी सैल होती, हे मला लगेच दिसलं, महिनोन् महिने कुणी ती नीट बसवून दिली नसणार. ती पिताना हलली, त्यांना ठसका लागला आणि तोंडातला भाकरीचा मऊ झालेला चुरा वाइनबरोबर परत प्याल्यात आला. मी रुमालाने त्यांची हनुवटी टिपली. हे सगळं मी रोज करते. मग प्याला माझ्याकडे घेतला. आत घोटभर वाइन उरली होती आणि तिच्यात तो चुरा तरंगत होता.

दर रविवारी उपासनेनंतर प्याल्यात उरलेलं मीच संपवते, साठ-सत्तर माणसांच्या ओठांचं. त्यांत लिपस्टिकवाल्या असतात, सर्दीवाले असतात, आणि माझ्या मनात कधी काही आलेलं नाही. इथे मात्र प्याला ओठांपर्यंत आला आणि डोक्यात एक वाक्य उमटलं: ह्याचं उष्टं मी पिणार नाही. मराठीत उमटलं. माझ्या आवाजात नाही; ज्या आवाजात माझ्या आजोबांनी ते गावात ऐकलं असेल, तशाच आवाजात, नाक वर करून. मी हादरले, पण तोंड काही उघडेना. मी ओठ घट्ट मिटून प्याला तिरका केला, गिळल्यासारखा घसा हलवला आणि प्याला रुमालात गुंडाळायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला काय दिसणार.

"उरलंय त्यात," ऑल्डरिज म्हणाले.

"मी... चर्चमध्ये गेल्यावर करते."

"नाही, इथेच संपवायचं असतं. मी वॉर्डन होतो त्या चर्चचा, सगळी व्यवस्था माझ्याकडे होती." ते ओरडून बोलले नाहीत. सांगायचं म्हणून सांगितलं.

मी पुन्हा प्याला उचलला. खरंच प्रयत्न केला. मेणबत्तीची ज्योत वाइनमध्ये हलत होती, त्या चुऱ्याच्या बाजूला. माझे ओठ कडेला लागले आणि तिथेच राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. मी मान वर केली तर ते माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात राग नव्हता, विजयही नव्हता. असता तर किती बरं झालं असतं. ते मला ओळखल्यासारखं बघत होते.

"नाही ना जमत?" ते म्हणाले. मग खिडकीकडे बघत, "मलाही नाही जमलं." आणि मग शाल पायांवर ओढून घेत, "इट्स ऑल राइट, लव्ह."

मला अजून एका घरी जायचंय, असं खोटं बोलून मी निघाले. मेणबत्ती विझवायचीही विसरले. दारातून परत येऊन विझवली, त्यांच्याकडे न बघता. गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसले तेव्हा रुमालातून लाल डाग बाहेर येत होता. मी कुणावर चिडू तेच मला कळेना. त्यांच्यावर चिडायचा प्रयत्न केला, ते सगळं एकेक आठवून पाहिलं. कॉफीच्या वेळचं वाक्य, रॅफल, ढोपराचं कण्हणं. काही उपयोग झाला नाही. तीन वर्षं मी ह्या माणसाला क्षमा करत होते आणि त्याच्यामागून साधा एक घोट मला पिता आला नव्हता. त्यांनी निदान उघडपणे, सगळ्यांच्या देखत रांग बदलली होती. मी तर प्यायल्याचं सोंग केलं. पप्पांच्या गोष्टीत मी स्वतःला नेहमी आजोबांच्या जागी बघत आले होते. तिथे दुसरंही एक माणूस होतं, तो उरलेला घोट पिणारं, आणि कधीतरी त्याच्या जागी उभं राहायची पाळी येईल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि तो कप वेगळा ठेवणारा हॉटेलवालाही त्याच गोष्टीत होता.

घरी येऊन मी प्याला आणि रुमाल धुतला. पहिलं पाणी सिंकमध्ये ओतायचं नसतं, मातीत ओतायचं असतं, असं हेलननं सांगितलं होतं. म्हणून ती उरलेली वाइन आणि ते गुलाबी पाणी वेम्बलीहून आणलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. अनुया शाळेतून आलेली होती, टोस्ट खात दारात उभी.

"आई, तू रडते का? तो अंकल काय बोलला?"

"काही नाही बोलले गं."

"मग?"

"चांगले वागले माझ्याशी."

"मग त्याच्यात रडायचा काय आहे?" ती म्हणाली, आणि मी कुंडीतली माती बोटांनी उकरत राहिले, पाणी लवकर मुरावं म्हणून. संध्याकाळी यतीननं विचारलं, "काय मग, प्यायला का म्हातारा?" मी म्हटलं, प्यायले. "मग जिंकलीस की!" असं म्हणून त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी हेलनचा फोन आला. तिनं ऑल्डरिजना विचारलं होतं, कसं झालं म्हणून. "म्हणाला, अगदी रीतसर केलं तिनं सगळं. शी वॉज व्हेरी काइंड. नीना, ट्रेव्हरच्या तोंडून हे!" मी सर्जरीच्या मागच्या जिन्यात उभी होते, हातात एका पेशंटच्या दातांचा साचा. म्हणायला हवं होतं, हेलन, ते खोटं सांगतायत. ओठांपर्यंत आलं होतं, आणि कालच्यासारखंच ओठांपाशी थांबलं. पुढच्या रविवारी तिनं उपदेशात नाव न घेता ते सांगितलं. आपल्यातल्या कुणीतरी अपमान मुकाट्याने सोसला, आणि बघा, एक बंद दार कसं उघडलं. कुणाचं नाव ते सगळ्यांना कळलं. मी वेदीशेजारी पांढऱ्या झग्यात बसले होते, सगळ्यांच्या समोर. खांबाशेजारचा बाक रिकामा होता. लोक माझ्याकडे बघून हसत होते, प्रेमाने, आणि मला त्या झग्याच्या आत घाम फुटला होता. लाज म्हणजे काय ते मला माहीत आहे असं मी समजत होते. आमच्या लोकांना ती पिढ्यान् पिढ्या शिकवलेली आहे. पण ती दुसऱ्यांनी दिलेली होती. ही माझी स्वतःची, आणि तिचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानंतरच्या बुधवारी मी सर्जरीत कामाचं निमित्त सांगितलं. मग जून स्पेनहून परत आली आणि मी सुटले. म्हणजे असं मला वाटलं.

ईस्टरच्या आधीच्या एका रविवारी ऑल्डरिज आले. व्हीलचेअरवर, तोच टाय, नवा केअरर ढकलत होता. चर्चमध्ये कुजबुज झाली. प्रभुभोजनाच्या वेळी त्यांनी मधल्या वाटेशी हाताने खूण केली आणि खुर्ची उजवीकडे वळली, माझ्या बाजूला, कठड्याच्या अगदी टोकाशी. माझ्या पाठीमागे बाकांमध्ये कुणीतरी नाक शिंकरलं. मला बघायची गरज नव्हती. बायका डोळे टिपत असणार. त्यांचा शेवटचा नंबर होता. मी एकेकाला प्याला देत, कड पुसत, त्यांच्याकडे सरकत गेले. त्यांच्यासमोर उभी राहून शब्द म्हटले. ते म्हणाले, "आमेन," आणि माझ्या हातांवर हात ठेवून प्यायले. मी कड पुसायला रुमाल उचलला आणि प्याला मागे घेऊ लागले, तर तो सुटेना. त्यांनी तो धरून ठेवला होता. मग हळूच माझ्या हातातून काढून घेतला. हेलन एक पाऊल पुढे आली आणि थांबली. ऑल्डरिजनी दोन्ही हातांनी प्याला माझ्यासमोर धरला. ते खुर्चीत, मी उभी. मला गुडघे टेकावे लागले. त्यांचे हात इतके थरथरत होते की वाइन कडेपर्यंत येऊन परत जात होती.

"द ब्लड ऑफ क्राइस्ट," ते म्हणाले.

पाठीमागचं ते भरून आलेलं चर्च मला पाठीवर जाणवत होतं. प्यायले असते तर सगळ्यांचं चित्र पुरं झालं असतं. मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुमच्यानंतर प्यायले नव्हते." इंग्रजीत म्हटलं, आणि हेलनला, पहिल्या दोन बाकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. "मी नुसतं सोंग केलं. मला तुमची किळस आली." पाठीमागचं नाक शिंकरणं थांबलं. हेलनच्या झग्याची कड माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात होती, ती हलली नाही.

"माहितेय मला," ऑल्डरिज म्हणाले. "आता पी."

कड पुसलेली नव्हती. तळाशी चुरा होता, कुणाचा ते सांगता आलं नसतं. मी तोंड उघडलं. प्याला दातांवर आपटला, थोडी वाइन हनुवटीवरून पांढऱ्या झग्यावर सांडली, बाकीची मी गिळली. कोमट होती. त्यांनी आपल्या स्वेटरच्या बाहीने माझी हनुवटी पुसली आणि रिकामा प्याला मांडीवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी आमेन म्हणायची ते वाट बघत होते. मला जरा वेळ लागला.